हरताळाची काच

चवथ आठवड्यावर आली होती. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर रोज संध्याकाळी दिवे मंद व्हायचे, म्हणून एक लाइनमन खांबाखाली उभा राहून थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे उष्णतेचं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने, एकेक जोड तपासत होता. कॅमेऱ्याला पिस्तुलासारखी मूठ, मागे हाताच्या तळव्याएवढा पडदा. ट्रान्सफॉर्मरच्या तीन जोडांपैकी एक पडद्यावर पांढराफटक दिसत होता. तिथला नट सैल होता आणि जोड तापत होता. काम आटोपल्यावर त्याने कॅमेरा सहज आमच्या घराकडे वळवला आणि हाक मारली, "सर, तुम्ही खिडकीत उभे आहात, पण ह्यात दिसतच नाही!"

मी बंद काचेमागे होतो. खिडकी उघडली तसा पडद्यावर उमटलो. कपाळ, गाल, हात सगळं उजळ आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन. तो माझा चष्मा होता. मग मी स्वयंपाकघरातून कचऱ्याची काळी प्लास्टिकची पिशवी आणली आणि तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण पडद्यावर पाचही बोटं सुटी सुटी दिसली. लाइनमन पिशवीकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, तरी हा प्रयोग दर वेळी मला तितकाच आवडतो.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत. त्यातून उजेड आत यायचा, पण रस्त्यावरचं माणूस ओळखू यायचं नाही. एखादी वस्तू आरपार आहे की नाही, ह्याचं उत्तर 'कशाच्या आरपार?' हे विचारल्याशिवाय देता येत नाही. आपल्या डोळ्यांच्या उजेडाला काच मोकळी वाट देते आणि अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या उजेडाला तीच काच भिंतीसारखी अडवते. मग थर्मल कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेलं भिंग कशाचं? मी वाकून पाहिलं. ते काळपट करडं होतं, आरशासारखं चकाकत होतं आणि त्यातून पलीकडचं काहीही दिसत नव्हतं. अशी भिंगं कशाची करतात आणि त्यात हरताळाच्या घराण्यातली काच कुठे बसते, ते इथे सांगायचं आहे.

ह्या उजेडाचा पत्ता प्रथम १८०० साली लागला. विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत वर चढला. ह्या अवरक्त उजेडाचा पट्टा फार लांब आहे. उजेडाच्या लहरींची लांबी मोजायला मायक्रॉन वापरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसतो तो उजेड साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. वस्तू जितकी गार, तितका तिचा उजेड लांब लहरींकडे सरकतो. ३३ अंशाची माणसाची कातडी सर्वांत जास्त प्रकाशते ती साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास. अंधाऱ्या खोलीतही आपण सगळे प्रकाशत असतो, फक्त तो उजेड डोळ्यांच्या आवाक्यातला नसतो.

हवा हा सगळा पट्टा जाऊ देत नाही. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला बराचसा गिळतात. उष्णतेची चित्रं काढणाऱ्यांच्या कामाचे दोनच मोठे झरोके उरतात, ३ ते ५ मायक्रॉनचा आणि ८ ते १२ मायक्रॉनचा. दुसऱ्या झरोक्याचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. इन्सॅट-३डी ह्या २०१३ मध्ये सोडलेल्या उपग्रहाचा कॅमेरा १०.३ ते ११.३ आणि ११.५ ते १२.५ अशा दोन शेजारच्या पट्ट्यांत समुद्र पाहण्यासाठी बनवलेला आहे. दोन पट्ट्यांत हवेतली वाफ थोडी कमीजास्त उजेड खाते. त्या फरकावरून वाफेचा परिणाम वजा करायचा आणि पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान काढायचं. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जे अरबी समुद्राचा अभ्यास करतात, त्यांना अशा आकड्यांची रोजची गरज. ट्रॉलरवाल्यांना मिळणाऱ्या 'मासळी कुठे सापडेल' ह्या सूचनांतही समुद्राचं तापमान हा एक मुख्य धागा असतो.

आता काचेकडे. साधी काच मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजनची. दोन अणूंमधला बंध म्हणजे स्प्रिंग समजा आणि अणू म्हणजे तिला बांधलेलं वजन. वजन हलकं आणि स्प्रिंग कडक असेल तर हेलकावे भराभर होतात. वजन जड आणि स्प्रिंग ढिली असेल तर सावकाश. आता बाल्कनीतला झोपाळा आठवा. त्याच्याच लयीत ढकललं की तो ढकलणाऱ्याची ताकद पिऊन घेतो, लय चुकली की जागच्या जागी डुगडुगतो. उजेडाचंही तसंच. ज्या लहरीची लय बंधाच्या लयीशी जुळते, ती लहर तिथेच संपते. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधाची लय येते ९ मायक्रॉनच्या आसपास आणि आपलं अंग प्रकाशतं साडेनऊवर. म्हणजे घराची काच नेमका माणसाचाच उजेड गिळते. शिवाय ह्या लयीच्या दुप्पट वेगाच्या हेलकाव्यांतही थोडा उजेड जातो, म्हणून जाड काच ४ मायक्रॉनच्या पुढेच काळी पडू लागते. कचऱ्याच्या पिशवीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. त्यांच्या लयी ८ ते १२ च्या झरोक्यात जवळपास नाहीतच आणि पिशवी पातळ, म्हणून बोटं दिसली. अंगणात माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यावरची पांढरी टोपीही ह्याच जातीच्या प्लास्टिकची असते. जाड भिंग करायला मात्र ते चालत नाही, कारण जाडी वाढली की तेही उजेड खायला लागतं.

उपाय समजायला अवघड नाही. अणू जड घ्या, बंध ढिले घ्या, म्हणजे लय सावकाश होईल आणि गिळला जाणारा पट्टा आणखी लांब लहरींकडे ढकलला जाईल. पण ढिला बंध म्हणजे मऊ, लवकर वितळणारी, तापली की फुगणारी वस्तू. ज्या गुणामुळे उष्णता आरपार जाते, त्याच गुणामुळे भिंग कच्चं राहतं. अवरक्त भिंगांच्या धंद्यातली प्रत्येक युक्ती ह्या एका अडचणीशी केलेली तडजोड आहे.

पहिली तडजोड मिठाची. मेलोनी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात दाखवलं की खनिज मिठाचा स्फटिक उष्णतेच्या किरणांना सुरेख वाट देतो. मीठ जवळपास १५ मायक्रॉनपर्यंत चालतं. पोटॅशियम ब्रोमाइड त्याच्याही पुढे, २५ पर्यंत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही त्यांच्या चकत्या वापरतात. पण मीठ आणि आपला पावसाळा ह्यांचं जमत नाही, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. आमची मिठागरं उन्हाळ्यात पिकतात आणि मिरग लागला की पाण्याखाली जातात. मी एमएस्सीला असताना जुलैतल्या एका संध्याकाळी मिठाची चकती सुकवणीच्या भांड्यात परत ठेवायला विसरलो. सकाळी ती दुधाळ झाली होती, वर बोट फिरवलं तर ओलसर चिकट लागली. ती घासून पुन्हा चकचकीत करायला दोन दिवस गेले आणि जाडी निम्मी झाली. समुद्रावर, शेतात, खांबाखाली न्यायच्या कॅमेऱ्याला मीठ बाद.

लाइनमनच्या हातातलं करडं भिंग बहुधा जर्मेनियमचं होतं. हा धातूसारखा दिसणारा स्फटिक २ ते १४ मायक्रॉनपर्यंत आरपार असतो आणि काचेपेक्षाही कडक. उजेड वाकवण्याची त्याची ताकद जबरदस्त. साध्या काचेचा अपवर्तनांक दीड, ह्याचा ४. म्हणून एकदोन भिंगांत काम भागतं. पण जितकं वाकवणं जास्त, तितकं परावर्तनही जास्त. पॉलिश केलेल्या जर्मेनियमच्या एका पृष्ठभागावरून ३६ टक्के उजेड मागे फिरतो. दोन्ही बाजू धरल्या तर १०० पैकी जेमतेम ४७ पलीकडे पोचतो. म्हणून त्यावर परावर्तन मारणारे पातळ थर द्यावेच लागतात. दुसरी खोड तापमानाची. जर्मेनियम तापलं की त्यात सुटे इलेक्ट्रॉन वाढतात आणि तेच उजेड खाऊ लागतात. १०० अंशाला भिंग जवळजवळ आंधळं होतं. त्याच्या खूप आधी, तापमानातल्या थोड्याशा फरकानेही त्याचा अपवर्तनांक सरकतो आणि चित्र अस्पष्ट होतं. तिसरी अडचण पुरवठ्याची. जर्मेनियमची वेगळी खाण क्वचितच असते. जस्त शुद्ध करताना आणि कोळशाच्या राखेतून ते हाती लागतं. त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा आणि ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. तेव्हापासून 'जर्मेनियम कमी कसं लागेल' हा प्रश्न जगभर तातडीचा झाला.

झिंक सेलेनाइडबद्दल दोनच वाक्यं, कारण ते अनेकांनी नकळत पाहिलेलं असतं. म्हापशाच्या नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्या दुकानात ॲक्रिलिक कापणारं लेझर मशीन असतं, त्याच्या टोकाला बसलेलं पिवळं भिंग सहसा ह्याचंच, आणि जस्ताची वाफ व एक विषारी वायू भट्टीत भेटवून दिवसचे दिवस थर चढवत ते वाढवावं लागतं म्हणून महाग.

आता ज्या काचेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर पिवळा हरताळ फासायचा आणि वाळल्यावर वर नवं अक्षर लिहायचा. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथला. हा हरताळ म्हणजे दोन वाटे आर्सेनिक, तीन वाटे गंधक. हाच पदार्थ हवा बंद करून वितळवला आणि नीट थंड केला, तर तांबूस लाल काच मिळते आणि ती काच ८ मायक्रॉनच्या आसपासपर्यंत उष्णतेला वाट देते. १८७० मध्ये शुल्ट्स-झेलाक ह्या जर्मन संशोधकाने हे नोंदवलं होतं, पण त्या वेळी उष्णतेची चित्रं काढणारं यंत्रच नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं. १९५० च्या सुमारास फ्रेरिक्स ह्या शास्त्रज्ञाने ती काच पुन्हा पुढे आणली. १९५५ मध्ये लेनिनग्राडमध्ये कोलोमीएत्स आणि गोर्युनोवा ह्यांनी ह्या घराण्यातल्या काचा अर्धवाहकही (सेमीकंडक्टर) असतात हे दाखवलं आणि त्यांचा अभ्यास सगळीकडे सुरू झाला.

घराण्याचं नाव चाल्कोजेनाइड. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली त्याच रांगेत गंधक, सेलेनियम, टेल्युरियम उभे आहेत. त्यांचे अणुभार अनुक्रमे १६, ३२, ७९ आणि १२८. काचेतला ऑक्सिजन काढून त्याच्या जागी खालच्या पायरीवरचा भाऊ बसवायचा. पायरी उतरली की अणू जड होतो, बंध ढिला होतो आणि काळोख आणखी दूर सरकतो. सेलेनियमची काच १२ ते १४ मायक्रॉनपर्यंत कामाची. टेल्युरियमची त्याच्याही पुढे जाते, पण तिला स्फटिक व्हायची घाई असते, म्हणून ती काच म्हणून टिकवणं कठीण.

मऊपणाचं काय करायचं? इथे फुगडी आठवावी. सेलेनियमच्या अणूला दोनच हात. दोन हातांनी साखळी होते, घट्ट जाळं होत नाही. आर्सेनिक आणि अँटिमनीला तीन हात, जर्मेनियमला चार. सगळ्या अणूंच्या हातांची सरासरी काढली तर काचेचा स्वभाव कळतो. १९७९ मध्ये फिलिप्स आणि पुढे थॉर्प ह्यांनी दाखवलं की सरासरी २.४ हात झाले की ढिली साखळी घट्ट जाळ्यात बदलायला लागते. आर्सेनिकचे ४० आणि सेलेनियमचे ६० अणू घेतले तर हिशोब नेमका २.४ येतो. ही काच सहज बनते, पण १८५ अंशांच्या आसपास मऊ होते. आता ३३ जर्मेनियम, १२ आर्सेनिक, ५५ सेलेनियम घ्या. हात झाले १३२ अधिक ३६ अधिक ११०, म्हणजे सरासरी २.७८. ही काच ३६८ अंशांपर्यंत आकार धरून राहते. नव्या काचा शोधणाऱ्यांचं निम्मं आयुष्य अशा मिश्रणांच्या हिशोबात जातं. कधी हात वाढवायचे, कधी एखादा जड अणू घालून झरोका रुंद करायचा. मला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो, कारण वर्गातल्या फळ्यावर केलेली बेरीज इथे थेट भट्टीतून बाहेर पडते.

आर्सेनिक विषारी, म्हणून त्याच्या जागी अँटिमनी घेतलेली २८ जर्मेनियम, १२ अँटिमनी, ६० सेलेनियम अशी काच आज बरीच चालते. तिच्या घनतेवरून मी हिशोब करून पाहिला. त्याच आकाराच्या शुद्ध जर्मेनियमच्या भिंगाला जितकं जर्मेनियम लागतं, त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यात हिचं काम होतं. तापमानाने अपवर्तनांक सरकण्याची खोडही पाचसहापट कमी. म्हणजे मे महिन्यात भर उन्हात धरलेला कॅमेरा आणि पहाटेच्या गारव्यातला कॅमेरा, दोघांचं चित्र जवळजवळ सारखं स्पष्ट.

ही काच बनवताना खरा शत्रू हवा आहे. ऑक्सिजनचे दहा लाखांत काही अणू शिरले तरी जर्मेनियम त्यांना पकडतं आणि १२.८ मायक्रॉनजवळ काळी रेघ उमटते. पाण्याचा अंश राहिला तर २.९ आणि ६.३ ला खड्डे पडतात, हायड्रोजन सेलेनियमला चिकटला तर ४.६ ला. म्हणून मूळ द्रव्यं ९९.९९९ टक्के शुद्ध घेऊनही पुन्हा शुद्ध करतात. मिश्रणात चिमूटभर मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम टाकतात. ते सगळा ऑक्सिजन स्वतःवर ओढून घेतं. मग मिश्रणाची वाफ करून ती दुसऱ्या भागात गोळा करतात आणि गाळ मागे राहतो. हे सगळं क्वार्ट्झच्या जाड नळीत चालतं. नळीतली हवा पंपाने ओढून घेऊन तोंड ज्योतीने वितळवून बंद करतात. भट्टी हळूहळू ८०० ते ९५० अंशांपर्यंत नेतात. घाई करता येत नाही. सेलेनियम ६८५ अंशांना उकळतं आणि ते जर्मेनियमशी जुळायच्या आत तापवलं तर वाफेच्या दाबाने नळी फुटते. तापलेली भट्टी ताक घुसळावं तशी तासन्‌तास मागेपुढे हेलकावत ठेवतात, कारण रस नीट मिसळला नाही तर भिंगात धारा राहतात आणि चित्र लहरी होतं.

नंतर थंड करणं. गुळाचा पाक ज्यांनी केला आहे त्यांना हे लगेच कळेल. पाक रेंगाळला की दाणे धरतो. इथेही रस भरकन थंड करून दाणे धरायचं तापमान ओलांडावं लागतं. पण फार घाईने थंड केलं तर आतला ताण राहून गोळा तडकतो. म्हणून एकदा गोठल्यावर त्याला पुन्हा मऊ होण्याच्या थोडं खाली तापवून कित्येक तास सावकाश निववतात. नळी फोडल्यावर हातात येतो काळा, आरशासारखा ठोकळा. तो साफ आहे की नाही हे डोळ्यांनी बघून कळत नाही. अवरक्त कॅमेऱ्यासमोर धरूनच आतले दाणे आणि धारा शोधतात.

ह्या काचेचा सगळ्यांत मोठा फायदा इथे येतो. जर्मेनियम स्फटिक आहे, म्हणून त्याचं प्रत्येक भिंग एकेक करून घासावं किंवा हिऱ्याच्या टोकाने लेथवर कोरावं लागतं. काच मात्र तापवून साच्यात दाबता येते. मऊ होण्याच्या तापमानापेक्षा थोडं वर नेऊन, नायट्रोजनमध्ये किंवा पोकळीत, दोन कडक साच्यांमध्ये दाबली की बिनगोल वक्रतेचं अवघड भिंगसुद्धा एकदम तयार होतं. साचा एकदाच कोरायचा, भिंगं हजारो. थर्मल कॅमेरा मोटारींत बसवण्याइतका स्वस्त व्हायचा असेल तर वाट इथूनच जाते. पावसाळ्याच्या रात्री आमच्या महामार्गावर काळी गुरं डांबरावर बसलेली असतात. हेडलाइटमध्ये ती अगदी जवळ आल्यावर दिसतात, उष्णतेच्या चित्रात मात्र कितीतरी आधी. मुसळधार पावसात ही नजरही आखूड होते, पण नुसत्या अंधाराने तिचं काही बिघडत नाही.

आपल्या देशात कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था खास काचांवर काम करते आणि डेहराडूनची इन्स्ट्रुमेंट्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट लष्कराच्या थर्मल कॅमेऱ्यांवर. आमच्याकडून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांनी ह्या विषयाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि भट्टीची कारागिरी तिन्ही एकाच ठिकाणी लागणारे विषय फार थोडे आहेत.

त्या संध्याकाळी लाइनमनने निघताना शर्टाच्या टोकाने भिंग खसाखसा पुसलं. मी त्याचा हात धरला. जर्मेनियमच्या कॅमेऱ्यांवर बहुतेक वेळा बाहेरून हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा थर असतो, तो हे सोसतो. पण सेलेनियमची काच साध्या काचेच्या सुमारे चौथाई कडक असते. शर्टावरची धूळ तिच्यावर ओरखडे पाडते आणि आमच्या हवेत धुळीबरोबर समुद्राचं मीठही असतं. नुसतं पाहून भिंग कोणतं ते ओळखता येत नाही, म्हणून नियम एकच ठेवावा. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, मग मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मधून कडेकडे हलकेच फिरवायचं. घरात चष्म्याचं कापड होतं, ते मी त्याला दिलं. त्याने ते घडी करून कॅमेऱ्याच्या पाऊचमध्ये ठेवलं आणि पुढच्या खांबाकडे गेला.